बारा किलोमीटर आणि अकरा भारे

मंदाला हिमालय बघायचा होता आणि मला पंधरा किलोमीटर कमी पडत होते. या दोन कारणांनी आम्ही नवरा-बायको नवरात्रात जबलपूर सोडून कुमाऊंला गेलो. आमचे घट नागपूरला मोठ्या भावाकडे बसतात आणि मंदा उठता-बसता उपास करते, त्यामुळे मधले दिवस मोकळे होते.

पंधरा किलोमीटरचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. वय चोपन्न. वसाहतीच्या मैदानावर रोज सकाळी साडेपाचला आम्ही नऊ जण धावतो. धावतो म्हणजे जॉगिंग. एक किलोमीटरला सात मिनिटांच्या आत आमच्यातला कोणी येत नाही. मैदानाच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीला एक काळा फळा टांगलेला आहे. त्यावर प्रत्येकाचे किलोमीटर लिहिले जातात, आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. आमचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि नवमीला संपतं. वर्षात हजार किलोमीटर ज्याचे भरतील त्याचं नाव दसऱ्याच्या दिवशी टाकीच्या भिंतीवर रंगवायचं, अशी पद्धत आहे. माझं नाव तिथे पाच वर्षं ओळीने आहे.

नियम मीच केलेला. आमच्या कामात दोन टोकांचं एक मापक असतं, त्याला गेज म्हणतात. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. जवळजवळ गेलं असा निकाल नसतो. धावण्यालाही मी तेच लावलं: सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाय थांबता कामा नयेत. फाटक लागलं, गाय आडवी आली, तर जागच्या जागी पाय हलवत राहायचं. दोन्ही पाय टेकून उभं राहिलात की ती सगळी धाव बाद.

मागच्या दसऱ्याच्या चार दिवस आधी या नियमाने तिवारीजींचे दहा किलोमीटर बाद झाले. तिवारीजी माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, दुसऱ्या विभागातले, एकोणीस वर्षांचे सोबती. ते बरगीच्या बाजूला दहा किलोमीटर धावून आले आणि चहा पिताना हसत हसत स्वतःच म्हणाले, की रेल्वे फाटकाशी एका दूधवाल्याच्या सायकलवरच्या कॅनची दोरी सुटली होती, त्याने ती बांधेपर्यंत मी सायकल धरून उभा राहिलो. कोणी पाहिलेलं नव्हतं. मी विचारलं, "पाँव चल रहे थे?" ते म्हणाले, "अरे, किसी का बोझ था, पकड़ लिया. साइकिल पकड़ के नाचता क्या?" मी म्हणालो, नियमात ओझ्याचं काही नाही. त्यांचे नऊशे चौऱ्याण्णव झाले. हजार पहिल्यांदाच होणार होते आणि नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. दुसऱ्या दिवसापासून ते मैदानावर आले नाहीत. क्वार्टर सोडून तिलवाऱ्याच्या रस्त्यावर स्वतःच्या घरी राहायला गेले, आणि आमचं बोलणं थांबलं. बायकांचं चालू राहिलं, फोनवर.

या वर्षी मंदाने काढलेल्या तिकिटांवर आम्ही निघालो तेव्हा माझे नऊशे पंच्याऐंशी होते. तिथे आधी चार आणि मग बारा धावायचे, म्हणजे एक हजार एक. परतीची गाडी नवमीला दुपारी जबलपुरात पोचणार होती. बसत होतं.

चतुर्थी

दोन रात्री गाडीत गेल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. काठगोदामहून टॅक्सी केली. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे दहा मीटरच्या आसपास आहे. आमचा मुक्काम अल्मोड्याच्या पुढच्या एका गावात होता, तो एकवीसशे मीटरवर. म्हणजे एका दिवसात सतराशे मीटर वर. हा हिशेब मी टॅक्सीत मांडला, आणि उतरल्यावर बॅगा घेऊन बेचाळीस पायऱ्या चढलो तेव्हा छातीने तो तपासून दिला.

घर बिशनसिंगजींचं. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या आहेत. पाटीच्या दगडांचं छप्पर, अंगणात अक्रोडाचं झाड, आणि समोर दरीपलीकडे उत्तरेला सगळी बर्फाची रांग. मंदा बॅग खाली न ठेवताच बघत उभी राहिली.

"कहाँ से?" बिशनजींनी विचारलं.

"जबलपूर."

"अरे! ट्रेनिंग में रहा हूँ वहाँ. खोये की जलेबी अब भी मिलती है?"

मिळते म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि एवढा वेळ मिटून ठेवले की मला वाटलं झोप लागली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "हंसा, चाहा बना! जबलपुर वाले आए हैं!" तिकडे चहाला चाहा म्हणतात.

हंसादीदी म्हणजे बिशनजींची बायको. पन्नाशीच्या आतबाहेर, ठेंगणी, बोलण्यात एकदम मोकळी. तिने मला लगेच दाज्यू करून टाकलं. दाज्यू म्हणजे थोरला भाऊ.

जेवायला मंडुव्याची भाकरी होती. आपली नाचणी तीच. त्यावर पांढरं लोणी, काळ्या भटांची, म्हणजे तिकडच्या काळ्या सोयाबीनची, दाट आमटी आणि काकडीचं रायतं. रायत्यात कच्ची मोहरी वाटून घालतात. मी पहिलाच चमचा मोठा घेतला आणि तो थेट नाकातून डोक्यात गेला. डोळ्यांना पाणी आलं. हंसादीदी म्हणाली, "दाज्यू, ये रायता धीरे खाने वाला ठैरा." ठैरा म्हणजे आहे, तिकडे तसं बोलतात. शेवटी वाटीत करडी चटणी आली. मंदाने कशाची विचारलं.

"भांग की."

"भांग?" मंदाने वाटी माझ्यासमोरून उचलली. "अहो, काहून खाऊन राहिले तुम्ही? परवा धावायचं आहे ना?"

बिशनजी हसून म्हणाले, बियांना नशा नसते. त्यावर मंदाचा विश्वास बसला, पण मी मनगटावरच्या घड्याळात नाडी बघितली. जेवणाआधी ब्याऐंशी होती, चटणीनंतर ब्याऐंशीच. मग दोन चमचे खाल्ली. फार चांगली लागते. आपल्या जवसाच्या चटणीच्या जवळची, पण लिंबाने सैल केलेली.

जंगलातली वाट देवीच्या मंदिरापर्यंत जाते, आणि माझे बारा किलोमीटर त्याच वाटेने जाऊन-येऊन करायचे होते. मी विचारलं, मंदिर किती लांब आहे?

हंसादीदीने उलट विचारलं, "खाली हाथ कि बोझ में?"

मला प्रश्न कळला नाही.

"खाली हाथ घंटा-सवा घंटा. घास का बोझ हो तो दो-ढाई. लकड़ी हो तो पूछो मत."

मी म्हणालो, किलोमीटरमध्ये सांगा. तिने नवऱ्याकडे बघितलं. बिशनजी म्हणाले, "छह बताते हैं." सांगतात, म्हणजे मोजलेलं नाही. मी बॅगेतली दोरी तपासली आणि झोपलो.

पंचमी

दोरीचं सांगायला हवं. घड्याळ अंतर दाखवतं, पण दाट झाडीत आणि डोंगराच्या कुशीत ते चुकतं, एवढं मला ठाऊक होतं. आकडा जर जबलपूरच्या फळ्यावर लिहायचा, तर तो अंदाजाने लिहिणं मला पटेना. म्हणून मी पंचवीस मीटरची नायलॉनची दोरी घरूनच आणली होती. ती कारखान्यातल्या पोलादी टेपने तपासली होती आणि दर पाच मीटरला लाल गाठ होती. वाटेचा एक तुकडा दोरीने मोजायचा, त्यावर धावून पावलं मोजायची, आणि मग पावलांवरून सगळी वाट. मैदानावर माझी हजार मीटरला अकराशे ऐंशी पावलं होतात. चढावर जास्त होणार, किती जास्त ते बघायचं होतं.

सकाळी सातला मंदा एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, असे आम्ही गावाच्या वरच्या वाटेवर दोरी ताणून उभे राहिलो. मी ओरडायचो, "घट्ट धर!" ती ओरडायची, "धरूनच राहिले!" मी खडूने दगडावर खूण करायचो आणि चिठ्ठीवर लिहायचो. आठव्या तुकड्याला वळणावरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत जवळजवळ पळत आले.

"साहब, सड़क इधर से जाएगी क्या? मेरा अखरोट बच जाएगा कि नहीं?"

मी नाही म्हणायच्या आत त्यांच्या मागून दुसरे आले. त्यांचं म्हणणं उलटं होतं. "साहब, इनकी मत सुनो. सड़क मेरे खेत से ले जाओ, मैं लिख के देता हूँ." तिसऱ्यांनी तर घरून कागदांची पिशवीच आणली. पाच मिनिटांत वाटेवर चौदा माणसं होती. गावाला मोटाररस्ता खालपर्यंतच आहे आणि वरच्या घरांपर्यंत तो यावा म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं वाट बघत आहेत, हे मला त्या गर्दीत कळलं. दोरी, खडू आणि चिठ्ठी घेऊन आलेला मध्यमवयीन माणूस दुसरा कोण असणार?

मंदा तिकडच्या टोकाला दोरी धरून उभी होती. तिथूनच म्हणाली, "सांगा आता, साहेब."

शेवटी बिशनजी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग माझ्याकडे बघून जरा अवघडून लोकांना सांगितलं, "सड़क वाले नहीं हैं. ये यहाँ दौड़ेंगे. दौड़ने के लिए नाप रहे हैं."

 मग डोक्यावर रिकामी दोरी गुंडाळून गवताला निघालेल्या हंसादीदीने विचारलं, "दौड़ने के लिए भी नापते हैं? हम तो बिना नापे ही थक जाते हैं, दाज्यू."

सगळे हसले. अक्रोडवाले म्हातारे सगळ्यांत जास्त हसले, त्यांचं झाड वाचलं होतं. कागदांची पिशवी आणणारे मात्र हसले नाहीत. ते पिशवी काखेत मारून हळूहळू खाली गेले. त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं.

मोजणी आवरती घेतली, पण निकाल मिळाला: चढावर हजार मीटरला सोळाशे दहा पावलं. मग चार किलोमीटर न थांबता धावलो. दर किलोमीटरला दहा मिनिटं लागली. फळ्याच्या हिशेबात नऊशे एकोणनव्वद.

संध्याकाळी बिशनजी सहज म्हणाले, "कल सुबह घास वालियाँ मिलेंगी ऊपर. असोज है. रास्ता दे देना." असोज म्हणजे आश्विन. तिकडे हा गवत कापायचा महिना. थंडीतलं जनावरांचं सगळं खाणं या एका महिन्यात बायका डोक्यावरून घरी आणतात. आपल्याकडे बैलगाडी आहे, ट्रॅक्टर आहे. तिथे वाटच दीड हात रुंद.

मी म्हणालो, देईन की. बाजूला होऊन जागच्या जागी पाय हलवायचे, एवढंच. नियमात बसत होतं.

षष्ठी

सहा वाजून बारा मिनिटांनी निघालो. हवा सात अंश. मंदा मागून चालत येणार होती, काठी, पाण्याची बाटली आणि तिचा जुना कॅमेरा घेऊन. निघताना म्हणाली, "नाडी दीडशेच्या वर गेली तर गुपचूप चालायला लागा. बाद झालं तर झालं."

"होणार नाही," मी म्हणालो.

पहिला किलोमीटर गावाच्या शेतांतून, पुढे जंगल सुरू होतं. झाडं बांजची, म्हणजे ओकची. त्यांच्या फांद्यांवर शेवाळ इतकं जाड की झाडांनी लोकरीच्या बाह्या घातल्यासारखं दिसतं. हे मला येताना दिसलं. जाताना मी पावलं मोजत होतो. एक हजार सहाशे दहा, एक बोट मिटायचं. पुन्हा एक हजार सहाशे दहा, दुसरं बोट. पहिला किलोमीटर दहा मिनिटं वीस सेकंद, दुसरा दहा चाळीस, तिसरा अकरा. नाडी एकशे एकेचाळीस. श्वास दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. चौथं बोट मिटलं तेव्हा मला खात्री झाली की होतंय. मनातल्या मनात मी भिंतीवरचं नावही रंगवून टाकलं, सहावं.

चार किलोमीटर आणि सुमारे चारशे पावलांवर वाट कड्याला लागते. उजवीकडे डोंगराची भिंत, डावीकडे खोल उतार, मध्ये वाट. वळणापलीकडून घुंगरासारखा आवाज आला. तो विळ्यांचा होता, कमरेला दोन-दोन अडकवलेले. मग वळणावरून गवताचा एक ढीग आला. त्याखाली पाय दिसत होते, बाकी बाई दिसतच नव्हती. त्याच्या मागे दुसरा ढीग, त्याच्या मागे तिसरा.

मी डोंगराच्या बाजूला अंग चोरलं आणि जागच्या जागी पाय हलवायला लागलो.

वाट भुसभुशीत होती. माझ्या बुटांखालून दोन खडे सुटले आणि घरंगळत पहिल्या बाईच्या पायांत गेले. ती थबकली. डोक्यावरचा भारा डावीकडे, उताराच्या बाजूला झुकला. मागच्या भाऱ्यांखालून एकदम आवाज उठले. भारा सावरायला त्या बाईला त्याची दोरी दोन्ही हातांनी ओढावी लागली, आणि तेवढा वेळ माझे पाय चालूच होते. हे लिहिताना लाज वाटते, पण चालू होते. डोक्यात एवढंच होतं, की आणखी सात किलोमीटर साडेसातशे.

"दाज्यू!" त्याच भाऱ्याखालून ओळखीचा आवाज आला. हंसादीदी होती. "नाचो मत! खड़े रहो! बोझ वाले का रास्ता ठैरा!"

ओझ्याचं नाव ऐकलं आणि मला फाटकावरची सायकल दिसली. तिच्या दांड्याला धरून उभे असलेले तिवारीजी दिसले. "साइकिल पकड़ के नाचता क्या?"

मी पाय थांबवले. दोन्ही.

पाठ डोंगराला टेकून उभा राहिलो. भारे एकेक करून माझ्या छातीला घासून गेले. गवताचा ओला, कडवट-गोड वास यायचा, एखादं कुसळ शर्टात अडकायचं. प्रत्येक बाई जाताना काहीतरी बोलायची. एक म्हणाली, "सड़क वाले साहब हैं!" दुसरी म्हणाली, "नाप लो, नाप लो, हमारा बोझ भी नाप लो." मी मोजले. अकरा भारे. माझे हात रिकामे होते आणि त्यांच्या डोक्यावर प्रत्येकी तीस किलोच्या खाली काही नव्हतं. शेवटची बाई सर्वांत वयस्कर होती. ती माझ्यासमोर थांबली, मान वर करता येत नसल्याने माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "जीते रहो."

घड्याळ मी बंद केलं नव्हतं. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

मंदा खालून आली तेव्हा मी तिथेच होतो. तिला बायका वाटेत भेटल्या होत्या, त्यामुळे सगळं कळलं होतं. तिने बाटली दिली.

"थांबले?"

"थांबलो."

"मग आता काय लिहाल?"

"नऊशे एकोणनव्वद."

"अच्छा," ती म्हणाली आणि बाटली परत घेत विचारलं, "आणि तिवारीजींचं काय लिहाल?"

 ती कॅमेरा सावरत पुढे चालायला लागली. तिची ही जुनी सवय आहे, प्रश्न ठेवून निघून जायची.

उरलेली वाट मी धावलोच. बाद झालेली धाव होती, पण पाय गरम होते आणि मंदिर बघायचं होतं. पावलं मोजायची नव्हती म्हणून डोकं वर करून धावता आलं. लाल फुलांच्या बुरांसाची झाडं लागली; ती फुलतात वसंतात, आता नुसती पानं होती. एका वाळक्या खोडावर पाच वानरं ओळीने बसून माझ्याकडे बघत होती. आमच्या मैदानावरचे लोक नव्या माणसाला धावताना बघतात, अगदी तशी. मंदिर लहान आहे, दारात पितळी घंटाच घंटा. मंदा मागून येईपर्यंत मी पायरीवर बसलो. ढग नव्हते. त्रिशूळ समोर, उजवीकडे नंदादेवी, आणखी उजवीकडे पंचाचुली. मंदा आली, बसली, आणि अर्धा तास आम्ही दोघं बर्फाकडे बघत बसलो. हा अर्धा तास मात्र अंदाजाने सांगतो आहे.

परत येताना उतारावर कड्यापाशी मी आधी थांबलो, वळणापलीकडे कान दिला, आणि मग निघालो.

घरी हंसादीदी गवताच्या गंजीवर चढून भारे रचत होती. मी माफी मागितली. ती वरूनच म्हणाली, "अरे, आप रुक तो गए. कितने लोग तो फोटो खींचते रहते हैं." मग खाली उतरून विचारलं, "आपकी दौड़ खराब हो गई क्या?"

मी म्हणालो, नियमाने झाली.

"नियम किसने बनाया?"

"मैंने."

ती इतकी हसली की गंजीला टेकून खाली बसली.

नवमी आणि दशमी

परतीची गाडी फक्त सत्तेचाळीस मिनिटं उशिरा आली. मंदाने अल्मोड्याहून बालमिठाईचे दोन डबे घेतले होते. खव्याची तपकिरी वडी आणि तिच्यावर साखरेचे पांढरे मणी. एक डबा तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चलो, आत्ताच जाऊन या. अंघोळ नंतर."

तिवारीजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले नाहीत. डब्याकडे बघून म्हणाले, "पिंपळकरजी, ये तौल के लाए हो या ऐसे ही?"

वर्षभराने बोललेलं हे पहिलं वाक्य. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. दोरी, सडक, खडे, भारे. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं.

"और आपने पैर रोक दिए?"

"रोक दिए."

"दोनों?"

"दोनों."

"कितनी देर?"

"तीन मिनट चालीस सेकंद."

"बाप रे! मेरा तो दो मिनट का भी नहीं था!" ते मोठ्याने हसले, आणि आतून भाभीजी काय झालं ते बघायला बाहेर आल्या. पण हसून झाल्यावर तिवारीजींनी डबा मांडीवर घेतला. डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत म्हणाले, "दस किलोमीटर की बात नहीं थी. आपने एक बार पूछा भी नहीं कि दूध वाला कौन था."

"कौन था?"

"मुझे क्या मालूम," ते म्हणाले. "पर पूछते तो."

 मी म्हणालो, उद्या सकाळी साडेपाचला फळ्याशी या.

दसऱ्याला मैदानावर नऊही जण होते, आणि दहावे तिवारीजी. मी फळ्यावर नवा नियम लिहिला: ओझं असलेल्याला वाट देताना किंवा हात देताना थांबलं, तर धाव धरावी. मग मागच्या वर्षाच्या यादीत तिवारीजींचे दहा परत घातले. एक हजार चार. माझ्या नावापुढे नऊशे एकोणनव्वद.

एकाने हरकत घेतली. "पिंपळकरजी, फिर आपके बारह भी जोड़ो. एक हजार एक होता है."

मी म्हणालो, नियम बदलणारा आणि त्याचा फायदा घेणारा एकाच दिवशी एकच माणूस नको. तिवारीजींचा निकाल मी चुकीचा दिला होता, तो दुरुस्त केला. माझा निकाल बादच राहू दे. मी खडे पाडले तेव्हा पाय चालूच होते, आणि पुढे मंदिराच्या पायरीवर मी बसलोही होतो. त्यावर बराच वाद झाला. शेवटी तिवारीजी म्हणाले, "रहने दो. इनका दिमाग गेज है, दोनों तरफ से बंद." आणि वाद मिटला.

त्यांचं नाव मीच रंगवलं. वर्ष मागचं, रंग या वर्षीचा. ते मागे उभे राहून सूचना करत होते, ति मोठा झाला, री खाली गेली. मग सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं. मी लहान, म्हणून आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवून वाकलो. त्यांनी पाठीवर जरा जोरातच थाप मारली.

दुसऱ्या दिवशी नव्या वर्षाची पहिली धाव आम्ही दोघांनी बरगीच्या बाजूला केली, तीच दहा किलोमीटरची. फाटक बंद होतं. शेजारी एक माणूस डोक्यावर चाऱ्याची पेंढी घेऊन उभा होता. त्याच्या मागे आम्ही दोघं, दोन्ही पाय टेकून. मालगाडी आली आणि सावकाश गेली. सवयीने मी डबे मोजले.

"अट्ठावन," मी म्हणालो.

"उनसठ," तिवारीजी म्हणाले.

फाटक उघडलं. पेंढीवाल्याला आधी जाऊ दिलं. तिवारीजी पुढे धावायला लागले होते आणि मान मागे वळवून पुन्हा म्हणाले, "उनसठ!"

माझे अठ्ठावन्न भरले होते, त्यांचे एकोणसाठ. पण मध्ये एकदा मी त्यांच्या पायांकडे बघितलं होतं, हेही खरं.